वळणाची बाहेरची बाजू

२ जून

ताई,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस. कागदावर मला वाक्य पुरं करता येतं.

बातमी अशी. परदेशातल्या त्या मोठ्या शहराच्या मॅरेथॉनसाठी मी अर्ज टाकला होता. लाखो लोक टाकतात, मग सोडत निघते. माझा नंबर लागला. एकवीस वर्षं मी विम्याचे दावे तपासतोय. शंभरातले साठ तरी फेटाळले असतील. या वेळी कोणीतरी माझा अर्ज मंजूर केला. मेल वाचून मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

शर्यत बारा ऑक्टोबरला. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. माझं वय एक्कावन्न. तयारीला सोळा आठवडे लागतात, म्हणजे बावीस जूनला सुरुवात.

आता आईचं. पंधरा जुलैला मी तिला न्यायला येणार होतो आणि चार महिने ती माझ्याकडे राहणार होती, हे माझ्या लक्षात आहे. एकवीसला तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हेही. पण आठवड्यातून पाच दिवस पहाटे पळायचं, मग ऑफिस, मग झोप. यात आईकडे दुर्लक्ष होईल आणि तो तिच्यावर अन्याय होईल. शिवाय आमच्या बाथरूममध्ये धरायला दांडे नाहीत. कमोड बुटका आहे. गवंडी मिळत नाही. खुबा मोडून जोडलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला अशा घरात आणणं धोक्याचं आहे. हे मी भाऊ म्हणून नाही, विम्यातला माणूस म्हणून सांगतोय.

तर फक्त तीन महिने पुढे. गुडघा काही कुठे पळून जात नाही.

तुझा
गोगल


९ जून

गोगल,

गुडघा पळून जात नाही हे खरं. तो चालतही नाही.

कोपऱ्यावरून सुई आणायला पाठवलं की तू दोन तासांनी दोरा घेऊन यायचास, म्हणून बाबांनी तुझं नाव गोगलगाय ठेवलं. आज ते असते तर म्हणाले असते, पोटातले पाय बाहेर यायला एक्कावन्न वर्षं लागली, हरकत नाही.

एकतीस वर्षं मी जमिनी मोजल्या. हद्दीचा दगड एकदा सरकला तर आम्ही म्हणायचो, पावसाने सरकला असेल. दुसऱ्यांदा सरकला तर म्हणायचो, गुरांनी. तिसऱ्यांदा सरकला की त्याला अतिक्रमण म्हणायचो. माझं ऑपरेशन पहिल्यांदा तुझ्या बढतीमुळे सरकलं. दुसऱ्यांदा तुझ्या फरशीमुळे.

आईचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. वॉकर धरून ती पलंगापासून बाथरूमपर्यंत जाते, पण तिच्या पाठीवर कोणाचा तरी हात लागतो. हात नसेल तर मध्येच थांबते आणि थांबली की बसते, जिथे असेल तिथे. हात टेकवायचा असतो, ढकलायचा नसतो. हे दिवसातून आठ-दहा वेळा. हाडांच्या डॉक्टरांनी मला माझ्या गुडघ्याचा फोटो दाखवला. दोन हाडांमध्ये रेघेएवढीही जागा उरलेली नाही.

ऑपरेशननंतर माझी साखळीवाली येऊन राहणार आहे. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक जिने एकतीस वर्षं धरलं, तीच. ती मला उठवेल. मला आणि आईला, दोघींना नाही. तिलाही देवाने दोनच हात दिलेत.

आईला सांगितलं, "गोगल पळणार आहे." तिने विचारलं, "कोणापासून?"

डॉक्टरांनी वहीत खोडून बावीस ऑक्टोबर लिहिलं. म्हणाले, यापुढे खोडायला जागा नाही. बाराला पळ, वीसला आईला ने. लेखी कळव.

ताई


३० जून

ताई,

लेखी कळवतो : वीस ऑक्टोबर. शब्द देतो.

पहिला आठवडा झाला. आमच्या गटाचं नाव 'पहाटवीर'. कोच एकोणतीस वर्षांचा आहे, मला 'सर' म्हणतो आणि नंतर ओरडतो. पळता पळता शक्ती यावी म्हणून एक गोड चिकट पदार्थ पाकिटातून चोखायचा असतो. चव पुस्तकं चिकटवायच्या खळीसारखी. सवय होते म्हणतात.

काल दहा किलोमीटरची सरावाची शर्यत झाली. माझ्या घड्याळात दहा किलोमीटर तीनशे वीस मीटर भरले. म्हणजे आयोजकांनी मोजणीत घोळ घातलाय. मी तक्रार करणार आहे. तुझ्यासारखं कोणी नेमायला हवं होतं.

आणि एक सांगू? पळताना तुझी फार आठवण येते. मला वाटतं, मी चार महिने पळणार, पण ताईची तर रोजच मॅरेथॉन चालू असते. खरी धावपटू तूच. हे मी गटावर लिहिलं. त्र्याण्णव जणांनी हृदयं पाठवली.

आईला नमस्कार.

गोगल


७ जुलै

गोगल,

त्र्याण्णव हृदयांपैकी एक मंगळवारी इकडे पाठव. मंगळवारी आईचे केस धुवायचे असतात.

तुझी उपमा परत करते आहे. मॅरेथॉनला शेवट असतो. तिथे रेघ काढलेली असते, लोक टाळ्या वाजवतात, हातात केळं देतात. इथे मला कोणी केळं देत नाही. मी आईला खुर्चीत बसवल्यावर तिने आजवर एकदाच टाळी वाजवली. डास होता.

आता तुझे तीनशे वीस मीटर. तक्रार करू नकोस, हसं होईल. साखळीवालीच्या सुनेने मला शर्यतीचे रस्ते कसे मोजतात त्याची माहिती छापून आणून दिली. सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावतात. वळणावर आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून जातात, म्हणजे माणसाला पळता येईल अशा सर्वांत जवळच्या वाटेने. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, कमी भरू नये म्हणून. एवढी प्रामाणिक मोजणी मीसुद्धा फार थोड्या वेळा केली.

तुझे मीटर वाढले ते तू वळणं बाहेरून घेतलीस म्हणून. जन्मभर घेतोस. बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू निघायचास साडेतीनला. आधी पेट्रोल, मग चाकात हवा, मग फळं. पोहोचायचास तेव्हा भेटीची वेळ संपलेली. फळं मी खाल्ली. रस्ता कोणी लांब केला नव्हता, गोगल.

आई म्हणते, नमस्कार पोहोचला, तू कधी पोहोचणार ते विचार.

ताई


२४ ऑगस्ट

ताई,

उत्तराला उशीर झाला. माझा गुडघा दुखतोय.

तुला कल्पना येणार नाही, पण गुडघा दुखणं म्हणजे काय ते आता मला कळलं. मांडीच्या बाहेरून एक पट्टी खाली येते, ती उजव्या गुडघ्यापाशी हाडावर घासते. जिना उतरताना जीव जातो. व्यायाम करून घेणारी बाई म्हणाली, आठ दिवस विश्रांती. आठ दिवस, ताई! शेकायची पिशवी बायकोनेच दिली, पण ज्या चेहऱ्याने दिली त्यापेक्षा न देती तर बरं.

विश्रांतीत विचार करायला वेळ मिळाला. कोच म्हणतो, अशा सहा मोठ्या शहरांच्या मॅरेथॉन आहेत. सहाही केल्या की एक वेगळं, मोठं पदक मिळतं. आमच्या शहरात ते फक्त चौघांकडे आहे. एप्रिलमधल्या शर्यतीची सोडत आत्ताच भरायची असते, म्हणून भरून ठेवली. लागेलच असं नाही.

दुसरं म्हणजे, शर्यतीनंतर शरीर महिनाभर खिळखिळं होतं म्हणतात. तेव्हा वीस ऑक्टोबर जरा घाईचं होतंय. नोव्हेंबरअखेर धरू. किंवा सरळ थंडी संपल्यावर, फेब्रुवारीत. आईलाही प्रवास सोसेल. बाथरूमचे दांडे तर अजून व्हायचेच आहेत.

डॉक्टरांशी तू बोलच. तुझं ते ऐकतात.

गोगल


३१ ऑगस्ट

गोगल,

पत्र मिळालं. गुडघ्याला शेक देत जा.

शर्यत आपल्या घड्याळाप्रमाणे किती वाजता सुरू होते? तुझा छातीवरचा क्रमांक मिळाला की फोन करून सांग. साखळीवालीची सून म्हणते, क्रमांक टाकला की माणूस कुठवर पोहोचला ते दर पाच किलोमीटरला पडद्यावर दिसतं. आईला दाखवीन.

ताई


१० सप्टेंबर

ती. ताई,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत. घरी आलं असतं तर तुमच्या बंधुराजांनी उघडलं असतं. हल्ली त्यांना सगळी पत्रं शुभेच्छांची वाटतात.

पहिलं उत्तर पहिलं : आणा आईंना.

दुसरं, एक दुरुस्ती. बाथरूमला दांडे नाहीत असं तुम्हाला कळवलंय. दांडे आहेत. मागच्या आठवड्यात बसले. दोन्ही बाजूंना, स्टीलचे. कमोडही उंच करून घेतलाय. गवंडी एका फोनवर आला. तुम्ही विचाराल कोणासाठी, तर त्यांच्या स्वतःसाठी. मॅरेथॉननंतर माणसाला चार दिवस बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही, असं कोचने सांगितलंय. लहान खोलीत पाठीकडून वर होणारा पलंग आलाय. उशाशी एक घंटी आहे. ती वाजली की मी जायचं, असा बेत आहे.

सोळा ऑक्टोबरपासून महिनाभराची रजाही त्यांनी मंजूर करून घेतली आहे. तुम्हाला सांगितलं नसेल.

आता माझी अट. मी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात औषधाच्या दुकानात उभी असते. आईंचं दिवसाचं मी करणार नाही. येत नाही म्हणून नव्हे. मी हात लावला तर हा माणूस दुसऱ्या दिवशी बूट घालून बाहेर पडेल. संध्याकाळचं माझं, दिवसाचं त्याचं. तो परत येईपर्यंतचे चार दिवस मी सुट्टी घेते.

दिवस तुम्हीच ठरवा, मी कुठला सुचवणार नाही. बारा ऑक्टोबरला रविवार आहे, एवढंच लक्षात आणून देते.

तुमची
भावजय


९ ऑक्टोबर

ताई,

पोहोचलो. हे पत्र तुला मिळेल तेव्हा शर्यत होऊन गेली असेल, पण आत्ता जे वाटतंय ते आत्ताच लिहायला हवं.

हॉटेलची खोली अरुंद आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. आमच्या गटातले अकराजण याच मजल्यावर आहेत. पॅसेजमध्ये भेटलो की प्रत्येक जण विचारतो, पोट साफ झालं का. इतकी चौकशी आईनेही कधी केली नव्हती.

काल क्रमांक आणायला गेलो. विमान उतरेल एवढा मोठा हॉल. पन्नाशीची हजारो माणसं, सगळ्यांच्या गुडघ्यांना रंगीत पट्ट्या. जाकिटासाठी दीड तास रांगेत उभा राहिलो. माझा क्रमांक २७४१८. तुला फोनवर सांगितलाच.

रस्त्यावर निळी रेघ रंगवलेली पाहिली. तू लिहिलं होतंस तीच, सर्वांत जवळची वाट. खाली वाकून हात लावला. मागून मोटारवाला ओरडला. ती रेघ धरूनच पळणार आहे. साडेचार तासांचं लक्ष्य ठेवलंय.

आईला सांग, मी तिच्यासाठी पळतोय. बनियनच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'आईसाठी' असं छापून घेतलंय.

गोगल


१३ ऑक्टोबर

ताई,

हे तू केलंस.

अठ्ठावीस किलोमीटरपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पुलावर फोटो काढावा म्हणून कमरेचा फोन बाहेर काढला. पडद्यावर बायकोने पाठवलेला फोटो. माझी खोली. माझा पलंग, पाठ वर केलेली. त्यावर आई. हातात माझी घंटी.

मी थांबलो. मागचे दोघं माझ्यावर आदळले. कडेला जाऊन फुटपाथवर बसलो. बायकोला सहा वेळा फोन केला, तिने घेतला नाही. तुझ्या घरी नुसती रिंग जात राहिली. शेवटी आईच्या फोनवर केला. तिने लगेच घेतला.

"कुठे आहेस?"

"पळतोय."

"अजून?"

"आई, तू तिथे कशी आलीस?"

"गाडीने. सहा तास लागले. मध्ये दोनदा उतरले."

"ताईला दे."

"ती चहा पितेय. तुझ्या बाथरूममधले दांडे चांगले आहेत रे. अगदी माझ्या हाताला येतात. माप कोणाचं घेतलं होतंस?"

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"किती राहिलंय तुझं?"

"चौदा किलोमीटर."

"मग सावकाश ये. धावू नकोस, पडशील."

ठेवला तिने.

एका स्वयंसेवक मुलीने माझ्या अंगावर चंदेरी कागद गुंडाळला. बाजूने जाणाऱ्या एकाने थांबून विचारलं, पाठीवर कोणत्या भाषेत काय लिहिलंय. मी सांगितलं, 'आईसाठी'. तो म्हणाला, वा, भाग्यवान बाई आहे. आणि पळाला.

बराच वेळ बसलो होतो. मागून रस्ता झाडायच्या गाड्या यायला लागल्या तेव्हा उठलो. पळता येईना, चाललो. निळ्या रेघेवरून चाललो, कारण बाहेरून जायची ताकदच नव्हती. सहा तास एकवीस मिनिटं. त्यांनी गळ्यात पदक घातलं आणि हातात केळं दिलं. केळं घेताना तू आठवलीस. खाल्लं नाही. मग खाल्लं.

साडेचार तासांचं माझं लक्ष्य तू घालवलंस. टपाल वेळेत पोहोचणार नाही, म्हणून या कागदाचा फोटो बायकोच्या फोनवर पाठवतोय. मी गुरुवारी घरी येतोय. त्याआधी आईला परत नेलंस तर मी हा विषय काढणार नाही.

गोगल


१८ ऑक्टोबर

गोगल,

विषय मीच काढते.

रविवार मुद्दाम निवडला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही दारात उभ्या राहिलो असतो तर तुला तेवढ्यात काहीतरी आठवलं असतं : गवंडी, ऑफिस, चाकातली हवा. तुला निसटता येणार नाही असा वर्षातला तो एकच दिवस होता. तू आधीच पळत होतास, आणि कुठे पळतोयस ते दर पाच किलोमीटरला आम्हाला दिसत होतं.

तुझे सहाही फोन दिसले. तुझ्या बायकोच्या फोनवर आम्ही चौघी, म्हणजे आई, ती, मी आणि साखळीवाली, तुझा ठिपका बघत होतो. तुझा फोन आला की वर तुझं नाव यायचं आणि ठिपका झाकायचा. म्हणून ती नाव बाजूला सारत होती.

पंचवीसनंतर तू उमटलाच नाहीस. एक तास एकोणीस मिनिटं. आई म्हणाली, "गेला वाटतं पुन्हा दोरा आणायला." दुसरा चहा गार झाला, कोणी प्यायलं नाही. तिसाला उमटलास तेव्हा तुझ्या बायकोने डोळे पुसले आणि तुला एक शिवी दिली. शिवी योग्य होती. पुढचे बारा किलोमीटर तू एकदाही थांबला नाहीस. त्याबद्दल तुला मानते. तेवढ्याबद्दलच.

फेब्रुवारी म्हणालास, तर फेब्रुवारी. फेब्रुवारीपर्यंत आई तुझ्याकडे राहील.

पाठीवर छापलेलं आपलं आपल्याला दिसत नाही. ते मागच्या लोकांसाठी असतं. आईच्या पाठीवर काही छापायचं नाही, हात टेकवायचा आहे. मी तुला हे जूनमध्ये लिहिलं होतं. तेव्हा तू पळायला गेला होतास.

तुझ्या कोचच्या धर्तीवर सोळा आठवड्यांचा कार्यक्रम जोडला आहे. सारांश इथे देते. पहिला आठवडा हलका : पलंग ते बाथरूम, चार मीटर पंचाहत्तर सेंटिमीटर, मी टेपने मोजले. कपाटापाशी एक वळण. दुसऱ्या आठवड्यापासून केस. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घालून बघायचं. तिसऱ्यापासून नखं, हाताची आधी. पायाची ती सहज कापू देणार नाही. चौथ्यात ती रुसेल. कारण विचारू नकोस, कारण नसतं. विश्रांतीचा दिवस नाही.

परवा साखळीवाली सामान घेऊन येते आहे. बावीसला सकाळी मला आत घेतील.

ताई


१६ नोव्हेंबर

ताई,

तुझं ऑपरेशन नीट झालं आणि नर्सने टेप चुकीची धरली म्हणून तू तिला बोललीस, हे साखळीवालीकडून कळलं. म्हणजे बरी आहेस.

चौथा आठवडा संपला. ती रुसली. कारण विचारलं, हीच चूक झाली.

आलो त्या दिवशी मला धड उभं राहता येत नव्हतं. पहिले दोन दिवस वॉकर आम्ही आळीपाळीने वापरला. जिना मी पाठमोरा उतरायचो आणि आई दारातून सांगायची, "बघून पाय टाक." कमोडवरून उठायला मला दांड्यांचा फार उपयोग झाला. हे मी तिला सांगितलं नाही. तिने बाहेरून ओरडून विचारलं.

घंटी तिने ठेवून घेतलीय. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की पडदा, तीनदा वाजली की मी समोरून जायचं. कधीकधी वाजते का ते बघायला वाजवते. पदक तिने पलंगाच्या दांडीला बांधून घेतलंय. फीत मजबूत आहे म्हणते, कुशीवर वळताना धरायला बरी पडते. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "हँडल."

पाठीवरचा हात मला जमत नव्हता. ढकललं जायचं. ती थांबायची आणि म्हणायची, "घाई तुला आहे, मला नाही." आता जमतं. सोमवारी पहिल्यांदा न थांबता पोहोचलो.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी. कपाटापाशी ती वळण बाहेरून घेते. आत भरपूर जागा आहे. मी म्हटलं, आई, आतून चल, जवळ पडेल. ती म्हणाली, "बाहेरून गेलं की खिडकी दिसते."

रजा वाढवून मागितली होती. ऑफिसने फेटाळली : कागदपत्रं अपुरी. त्या शेऱ्याखाली सही कशी करतात ते मला माहीत आहे. घरून काम करायची परवानगी मिळाली.

आता खरं कारण. एप्रिलची सोडत मला लागली. मेल आज सकाळी आला. तयारीचे सोळा आठवडे म्हणजे डिसेंबरअखेर सुरुवात. आई इथेच असेल. सात दिवसांत हो किंवा नाही कळवायचं आहे. बायकोला सांगितलेलं नाही, कोचलाही नाही. फक्त तुला.

काय करू?

गोगल


१४ डिसेंबर

गोगल,

तुला सात दिवसांत उत्तर हवं होतं. मी अठ्ठाविसाव्या दिवशी लिहिते आहे. वाटेत पेट्रोल भरलं, हवा भरली, फळं घेतली. आता कळलं ना, दारात वाट बघणाऱ्याला कसं वाटतं?

आईने फोनवर सगळं सांगितलं. तिला तू काही बोलला नव्हतास, पण घंटी दोनदा वाजवली तरी तू पाणी आणलंस, तेव्हाच तिने ओळखलं. मग तुला म्हणाली म्हणे, "जायचं तर जा, पण ज्याला विचारून जायचं तो माणूस मी आहे, ताई नाही." तू मुदत जाऊ दिलीस आणि पुढचे दोन दिवस घासायची भांडी आपटलीस. तिला भांड्यांचा आवाज फार आवडला. घरात कोणीतरी आहे असं वाटतं, म्हणाली.

पुढच्या वर्षी पुन्हा सोडत भर. लागली तर ते सोळा आठवडे आई माझ्याकडे राहील. लेखी देते आहे, आणि माझ्या लेखी दिलेल्या हद्दी सरकत नाहीत. फेब्रुवारीत मी तिला न्यायला येईन. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. तोवर पायाची नखं तेवढी कापून ठेव.

माझा गुडघा एकशे पाच अंश वाकतो. डॉक्टरांनी कोनमापक लावला तेव्हा मी त्यांना तो कुठे टेकवायचा ते दाखवलं. त्यांनी आभार मानले नाहीत.

पत्राची पेटी आपल्या दारापासून तीनशे दहा मीटरवर आहे. एक वळण. दोन वर्षं माझी पत्रं साखळीवालीची सून नेऊन टाकते. हे मी टाकणार आहे. साखळीवाली म्हणाली, काठी घे. घेतली. ती म्हणाली, वळण आतून घे, आठ-दहा मीटर वाचतील.

बाहेरून घेणार आहे.

पेटीपाशी कोणी टाळ्या वाजवायला उभं नसेल, हे मला माहीत आहे. केळं मी घरूनच खिशात टाकून घेतलंय.

ताई